जिल्हा परिषदेच्या हातात असतं तरी काय?

चि. नातीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, आमदारकीला मत देईन, खासदारकीला देईन, पण जिल्हा परिषदेच्या मतदानासाठी पुण्याहून गावी यायचं कशाला? तिच्या हातात असतं तरी काय? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तू कायदा शिकते आहेस. तुला अर्धवट उत्तर देणं मला पटेना, म्हणून बसून लिहिते आहे.

हातात काय आहे हे कळायला आधी काय होतं ते कळलं पाहिजे. त्यासाठी तुला माझ्या माहेरी घेऊन जाते.

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. माझे वडील तरुण होते तेव्हा ती औंध संस्थानात होती. संस्थान लहान, 72 गावांचं, आणि तेही सलग नाही. औंध खटावात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ पार विजापूरकडे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना आज लोक सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहालयामुळे ओळखतात. मला ते आठवतात वेगळ्याच गोष्टीसाठी. 1938 साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी 1939 मध्ये तसा कायदाच केला. मसुद्याला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. राबले ते राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा, मूळचा पोलंडचा एक इंजिनिअर.

त्या कायद्याची रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींतून तालुक्याची समिती आणि तालुक्यांतून संस्थानची विधानसभा. वर बसलेल्याने खालच्याला काही द्यायचं, अशी त्याची मांडणी नव्हतीच. पाया गावात होता आणि विधानसभा त्याच्यावर उभी होती. वडील आमच्या गावचे पंच होते. ते सांगायचे, बांधाचा तंटा असो की वाटेचा, न्याय करणारा गावात यायचा, चावडीत पंचांना शेजारी घेऊन बसायचा आणि निकाल सगळ्यांसमोर व्हायचा. साक्षीदाराला खोटं बोलायची सोय नसायची, कारण बांध कुठून कुठे जातो हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. वडिलांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण आपल्या सहीने गावातलं काम होतं, हे कळलेला माणूस कसा बोलतो, कसा बसतो, हे मी त्यांच्यात पाहिलं आहे.

ह्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. पुढे 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, स्वतःची न्यायदान मंडळं चालवली. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना कुंडलची, आणि कुंडल औंध संस्थानातलं. ह्या मातीत लोकांनी कारभार करणं ही कुणी बाहेरून आणून दिलेली गोष्ट नाही, एवढंच मला त्यातून सांगायचं आहे.

मार्च 1948 मध्ये औंध विलीन झालं. देश एक व्हायला हवाच होता, त्याबद्दल वडिलांची कधी तक्रार नव्हती. पण संस्थानाबरोबर तो कायदाही गेला. मोठ्या राज्याने लहानाकडून काही शिकून घ्यावं, असं त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही. वडिलांचं पंचपद गेलं आणि गावचे कागद पुन्हा मामलेदार कचेरीत जाऊ लागले.

पुढची गोष्ट देवराष्ट्र्याच्या मुलाची. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, 1960 मध्ये, त्यांच्या सरकारने वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक तेव्हा महसूलमंत्री होते. मार्च 1961 मध्ये समितीने 226 शिफारशी दिल्या. त्यांवरून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून अंमलात आला. त्याआधी दिल्लीत बलवंतराय मेहता समितीने सुचवलेला आराखडा वेगळा होता. तिने खरी सत्ता गटाच्या पातळीवर ठेवली होती आणि जिल्ह्याची संस्था सल्ल्यापुरती. आपल्याकडे नाईक समिती म्हणाली, नाही, जिल्हा हाच मजबूत घटक पाहिजे. मोठी कामं पेलायची तर पैसा, इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक जिल्ह्याच्या पातळीवरच सांभाळता येतील.

आता हे नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. त्या कायद्याने प्राथमिक शाळा, दवाखाने, शेती, पशुसंवर्धन, गावाकडचे रस्ते, लहान पाटबंधारे आणि ह्या सगळ्या कामांवरची माणसं जिल्हा परिषदेकडे दिली. जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवलं. कारभारासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. आमदार आणि खासदारांनाही सभागृहात जागा दिली नाही. हे शेवटचं मला फार धाडसाचं वाटतं. पक्ष आमदारांच्या जोरावर चालतो हे यशवंतरावांना कुणी सांगायला नको होतं. तरीही जिल्ह्याच्या कारभारात निवडून आलेल्या जिल्ह्याच्याच माणसांचा शब्द शेवटचा राहावा, म्हणून हा निर्णय झाला. लोक जिल्हा परिषदेला मिनी मंत्रालय म्हणू लागले ते उगीच नाही. सातारा-सांगलीतल्या राजकारणाची एक अख्खी पिढी त्या सभागृहांत घडली. अंजनीचे आर. आर. पाटील 1979 साली सावळजमधून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि 1990 मध्ये आमदार होईपर्यंत तिथे सदस्य होते. पुढे ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावाला नेमकं काय पेलतं आणि कशाने गाव उठून कामाला लागतं, हे त्यांना जिल्हा परिषदेत कळलं होतं, असं मला त्या अभियानाकडे पाहून नेहमी वाटलं.

पण त्या तारखांकडे पुन्हा एकदा बघ. 1979 साली निवडून आलेला सदस्य 1990 पर्यंत सदस्य कसा? कारण मधे निवडणूकच झाली नाही. 1962, 1967, 1972, 1979 आणि मग थेट 1992. मुदतवाढीवर मुदतवाढ. त्याच दशकात वसंतदादांच्या सरकारने सांगलीच्या शांतिनिकेतनचे प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पंचायत राज सुधारण्यासाठी समिती नेमली, तिचा अहवाल 1986 मध्ये आला. एका बाजूला कायदा कसा सुधारावा ह्याचा अभ्यास चालू आणि दुसऱ्या बाजूला जुन्या कायद्याने सांगितलेली निवडणूक होत नाही. कायद्यात सुधारणा करण्याआधी आहे तो कायदा पाळायचा असतो, ही साधी गोष्ट राज्यकर्त्यांना सांगायला शेवटी घटनादुरुस्ती करावी लागली.

ती 73वी घटनादुरुस्ती. 24 एप्रिल 1993 पासून लागू. दर पाच वर्षांनी निवडणूक, मुदत संपण्याआधी. त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. बायकांना किमान एक तृतीयांश जागा, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे. 29 विषयांची यादी घटनेच्या अकराव्या अनुसूचीत घातली, पण त्यांतले किती आणि किती अधिकारांसह द्यायचे, हे राज्यांवर सोडलं. हे तू पुस्तकात वाचलं असशील. पुस्तकात नसलेलं सांगते.

मी निवडून आले 1992 मध्ये, पंचायत समितीवर. महाराष्ट्राने तेव्हा बायकांना 30 टक्के जागा ठेवल्या होत्या. पहिल्या मासिक सभेला गेले तर विषयपत्रिका हातात द्यायच्या आधी प्रोसिडिंगचं रजिस्टर सहीला पुढे आलं. ठराव लिहून तयार, सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही लिहिलेलं. मी म्हणाले, आधी वाचून दाखवा. खोलीत जरा चुळबुळ झाली. मग एका वयस्कर सदस्याने सांगितलं, वाचा की, वहिनी विचारतात ते बरोबर आहे. त्या दिवसापासून ठराव वाचून व्हायला लागले. आम्हा तिघी-चौघींना कुणी कारभार शिकवला नाही, कागद वाचून वाचूनच शिकलो.

त्या उन्हाळ्यात आमच्या गणातल्या दोन वाड्यांना पाणी नव्हतं. माझी समजूत अशी की, पंचायत समितीची सदस्य आहे, टँकर सुरू करता येईल. तेव्हा कळलं की प्रस्ताव पंचायत समितीचा, पाहणी गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची मिळून, आणि मंजुरी महसूल खात्याची. वाडीत बायका हंडे घेऊन माझ्या दारात आणि मी फाईल घेऊन दुसऱ्याच्या दारात. मत त्यांनी मला दिलं होतं, ज्याच्या सहीने टँकर सुटणार होता त्याला नव्हे. टँकर आला, पण उशिरा आला. ती फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होती हे मला आजही आठवतं.

त्याच्या उलट शाळेचं. एका शाळेचे पत्रे वादळात उडाले होते. शाळा जिल्हा परिषदेची, दुरुस्ती सेस फंडातून होण्यासारखी. आमचा ठराव गेला, शाखा अभियंत्याने येऊन अंदाजपत्रक केलं, आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याने बांधकाम समितीत पाठपुरावा केला आणि जूनमध्ये पोरं नव्या पत्र्यांखाली बसली. कुठे मुंबईला जावं लागलं नाही, कुणा मंत्र्याची चिठ्ठी लागली नाही. तेच सदस्य, तोच तालुका, तेच वर्ष. फरक एवढाच की पत्र्यांचे पैसे आणि अधिकार दोन्ही आमच्या संस्थेकडे होते, टँकरचे नव्हते.

गेल्या तीस वर्षांत काय झालं ते ह्या दोन उदाहरणांवरून समजून घे. जागा वाढत गेल्या, अधिकार कमी होत गेले. 2011 मध्ये बायकांच्या जागा निम्म्या झाल्या. माझ्या मते 1962 नंतरची ही सगळ्यात खरी सुधारणा आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडते. सरपंचबाईंचे नवरे कारभार करतात म्हणून हिणवणाऱ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बाईच्या समोर बसून बघावं. पण ह्याच वर्षांत शेतीच्या बऱ्याच योजना राज्याच्या कृषी खात्याकडे गेल्या. शिक्षकांची भरती आणि बदल्या राज्याच्या पोर्टलवरून होऊ लागल्या. खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला तो डिसेंबर 1993 मध्ये, पंचायत राजला घटनेत स्थान मिळालं त्याच वर्षी. ज्यांना 1961 च्या कायद्याने सभागृहाबाहेर ठेवलं होतं, ते रस्त्याच्या आणि सभामंडपाच्या पाटीवर आत आले. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 पासून केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतीला दिला. गावासाठी ते चांगलंच झालं, पण जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यातलं काहीच राहिलं नाही. पंधराव्या आयोगाने चूक सुधारली, तीही दहा-दहा टक्क्यांपुरती, बाकी 80 टक्के गावाला. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हा कायदा 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये पुन्हा आला. पक्ष बदलला की गावचा कायदा बदलतो. ह्यातल्या एकाही वेळी ग्रामसभांना कुणी विचारलं नाही.

जिल्हा नियोजन समितीचं तर तू मुद्दाम वाच. घटनेने तिच्यात पाचपैकी चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून गेलेले हवेत असं सांगितलं. आपल्या राज्याचा कायदा 1998 चा. अध्यक्षपदी पालकमंत्री. म्हणजे जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो, त्याच्या शिरोभागी मुंबईहून नेमलेला माणूस. तो आपल्याच जिल्ह्यातला असेल, भला असेल, पण जिल्ह्याने त्याला त्या कामासाठी निवडलेलं नसतं.

तुला परदेशातलं उदाहरण आवडतं म्हणून एक सांगते. ब्रिटनमधल्या वेल्सला 1998 च्या कायद्याने स्वतःची प्रतिनिधी सभा मिळाली, पण स्वतःचे मूळ कायदे करण्याचा अधिकार मिळाला नाही. लोक तिला नुसती चर्चेची जागा म्हणू लागले, अगदी तू जिल्हा परिषदेला म्हणतेस तसं. त्यावर त्यांनी सभा मोडीत काढली नाही. 2006 मध्ये कायदा सुधारला, 2011 मध्ये जनमत घेऊन अधिकार वाढवले आणि 2017 च्या कायद्याने यादीच उलटी केली. आधी वेल्सला काय दिलं त्याची यादी असायची. आता लंडनकडे काय राहील त्याची यादी आहे, उरलेलं वेल्सचं. आपल्या 1961 च्या कायद्याला जी अनुसूची जोडली आहे ती दिलेल्या विषयांची. दिलेलं परत घेता येतं, आणि घेतलं. इतकं लांबही जायला नको. केरळने 1996 मध्ये राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे वळवला आणि त्याचं काय करायचं ते ग्रामसभांना ठरवायला लावलं. घटना तीच, घटनादुरुस्ती तीच.

आणि आपल्या येरळेवर काय झालं ते तर तुझ्या आजोबांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं. 1980 च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधलं. पैसा उभा करायचा होता नदीतली वाळू विकून. वाळू सरकारच्या मालकीची, म्हणून आपल्याच नदीतली वाळू विकण्याच्या परवानगीसाठी त्यांना लढावं लागलं. धरण झालं, आणि पाणी जमिनीच्या मापाने न वाटता भूमिहीनांनाही वाटा द्यायचा असं त्यांनी ठरवलं. असा निर्णय कुठल्याही खात्याच्या परिपत्रकात सापडणार नाही. निर्णयाचा अधिकार गावाकडे आला की काय सुचू शकतं, ते ह्या धरणावर जाऊन बघ.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं. 2017 मध्ये निवडून आलेल्या सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. 2021 च्या निकालाने आकडेवारी मागितली होती, मग ती जमवायला बांठिया आयोग आला, प्रभागरचनेचे वाद आले. हा प्रश्न खरा होता आणि ओबीसींना त्यांचा वाटा मिळायलाच हवा. पण तो सुटेपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणुका घ्या असा आदेश न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या काळात जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानेच मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यानेच मंजूर करायचं. नियोजन समितीत पाचातले चार ज्यांच्यातून यायचे, तेच नव्हते. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांतले काही फार कष्टाळू होते. पण कष्टाळू अधिकाऱ्याला वाडीतली बाई पुढच्या खेपेला पाडू शकत नाही, आणि म्हणून तिच्या हंड्याची त्याला भीती वाटायचं कारण नसतं. माझ्या दारात त्या बायका आल्या होत्या, कारण त्या मला पाडू शकत होत्या.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. तिच्या हातात आजही गावच्या शाळा आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, अंगणवाड्या आहेत, गावचे रस्ते आहेत. जे होतं त्यातलं बरंच काढून घेतलं गेलं, ते एकदम नाही, दर खेपेला थोडं थोडं, आणि बहुतेक वेळा सुधारणा म्हणूनच. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलांनी मतदानाला यायचं थांबवलं की उरलेलं काढून घेणाऱ्याला कुणी विचारणारही राहणार नाही.

तुला एक काम सांगते, ते मात्र मन लावून कर. जिल्हा परिषदेचं ह्या वर्षीचं अंदाजपत्रक मिळव, मागितल्यावर मिळतं. जमेच्या बाजूला दोन रंगांनी खुणा कर. जो पैसा राज्याने किंवा केंद्राने कामाचं नाव घालून पाठवला आहे त्याला एक रंग, आणि जो कुठे खर्च करायचा हे सभागृह स्वतः ठरवू शकतं, सेस आणि स्वतःचं उत्पन्न, त्याला दुसरा. मग 1961 च्या कायद्याची पहिली अनुसूची शेजारी घेऊन बस आणि त्यातला कुठला विषय आज कुणाकडे आहे ते समोर लिहीत जा. तुमच्या कॉलेजात ह्या विषयावर कुणी प्रबंध केला असेल तर तोही बघ. दिवाळीला येशील तेव्हा ते कागद घेऊन ये. पंचायत समितीवर आमच्यानंतर निवडून आलेल्या दोघीजणी आता गावातच आहेत, त्यांनाही मी बोलावून ठेवते. कुठला विषय कधी गेला हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तब्येतीला जप. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आजी